कापसातली सतार

तपासनिसाने लोखंडी सळई कापसात खुपसली आणि गाडी वाजली.

चांगला लांबलचक, घुमणारा आवाज. बैलांनी कान टवकारले. अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तिच्यातल्या गप्पा एकदम थांबल्या. गाडी सूर्यभानची होती. सळई भोपळ्याला लागली असली तर?

तो गाडीवर चढला आणि दोन्ही हातांनी कापूस उपसू लागला. आतून सतार निघाली. एक तार तुटून लोंबत होती, पण भोपळा शाबूत होता. त्याने तो धोतराच्या सोग्याने पुसला, कान लावून टिचकी मारून पाहिली, आणि मग कुठे त्याला आजूबाजूला माणसे आहेत हे आठवले.

ती सतार अकोल्याच्याच पुंजाराम सुताराने केली होती. पुंजाराम वर्षाकाठी दोनच सतारी करी, त्याही मनात आले तर. भोपळासुद्धा आपल्याच परसातल्या वेलावर वाळवी. त्याची अट एकच. दरवर्षी सुगी झाली की सतार त्याला आणून दाखवायची. तारांखालची घोडी घासून आवाज मोकळा करायचा तो त्यानेच. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला दिसला तर सतार काढून घ्यायला तो कमी करत नसे. म्हणून सूर्यभान ती घेऊन निघाला होता. पाच कोसांची खाचखळग्यांची वाट, आणि कापसाहून मऊ जागा कुठली?

पण लपवायचे खरे कारण मागच्या गाडीत बसले होते. ते म्हणजे शेताच्या धुऱ्याला धुरा लागून असलेला शेजारी, खुशालराव. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हापासून गावात कोणी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली, कोणी पोराच्या वरातीला हत्ती आणला. त्यांना कोणी हसले नाही. पण सूर्यभानने सतार घेतल्याचे कळले असते, तर खुशालरावाने पोळ्यापर्यंत गाव हसवत ठेवले असते. कुणब्याने नांगर धरावा. सतार गोसाव्याने धरावी, नाही तर नाचणारणीच्या साजिंद्याने. म्हणून सूर्यभान दोन वर्षे शेतातल्या माळ्यावर बसून वाजवत होता, तेही ज्वारी राखायच्या निमित्ताने. देवळात उतरलेल्या एका गोसाव्याने शिकवलेल्या तीन चाली, त्याच पुन्हा पुन्हा. घरी बायकोला, मैनाबाईला, तेवढे ठाऊक होते. पाखरे हाकायला जाता की जमवायला, असे ती विचारी.

वामनराव तपासनीस पुण्याकडचे. भाव चढले तसे कापसात पाणी, माती, गोटे असे काय काय निघू लागले, म्हणून त्यांना इथे नेमले होते. आठ दिवसांत त्यांनी इतके गोटे बाहेर काढले होते की एखाद्या विहिरीचे बांधकाम झाले असते. सतार मात्र पहिलीच. वजन वाढवायला लाकूड घातले आहे, गाडी आणि लाकूड दोन्ही जप्त होईल, असे त्यांनी सांगून टाकले.

"गाडी ठेवा साहेब," सूर्यभान म्हणाला. "सतार तेवढी द्या मले."

वामनराव थबकले. गाडीभर कापूस सोडायला तयार असलेला माणूस त्या साली त्या बाजारात दुसरा नव्हता.

"तुम्हाला वाजवता आली तर ती सतार," ते म्हणाले. "नाही तर लाकूडच."

हशा पिकला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज खुशालरावाचा. कापसात सरकी असते एवढे माहीत होते, सूर्यभानच्या वावरात सतारही पिकू लागली काय, असे त्याने विचारले आणि ते रांगेच्या शेवटच्या गाडीपर्यंत पोचेल अशी तजवीज केली. सूर्यभानचे कान तापले. पळून जावेसे वाटले. पण सतार घेऊन कोणी पळू देणार नव्हते आणि ती टाकून त्याला पळवत नव्हते. तो तिथेच कापसावर मांडी घालून बसला. तुटकी तार बाजूला केली, खुंट्या पिळल्या, नखी बोटात चढवली आणि डोळे मिटून घेतले.

पहिले दोन सूर चुकले. कोणीतरी खोकले. मग चाल सापडली, आणि हात माळ्यावर चालायचा तसा चालू लागला. हसणे हळूहळू विरले. एक चाल संपली, दुसरी लागली. फार शांत वाटले म्हणून त्याने एक डोळा किलकिला केला. वामनराव सळई काखेत धरून डोलत होते. त्यांचेही डोळे मिटलेले. रांगेत कोणी हसत नव्हते, कोणी बोलतही नव्हते. जो तो आपापल्या गाडीमागे मान खाली घालून वाकला होता, देवळात वाकावे तसा. सूर्यभानच्या डोळ्यांत पाणी आले. एवढी माणसे, आणि आपण दोन वर्षे पाखरांना ऐकवत बसलो.

तिसरी चाल संपत आली. त्याची विद्याही तिथेच संपत होती. तो थांबणार, तोच खुशालराव चाकाच्या आऱ्यांवर पाय देऊन वर आला. घामाने निथळत होता. त्याने सूर्यभानच्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या मायेने त्याने आजवर कधी आपल्या बैलालासुद्धा हात लावला नव्हता.

"थांबू नको भाऊ," तो कानाशी लागून म्हणाला, "पुन्हा पयल्यापासून वाजव. माह्या गाडीतले अर्धे गोटे अजून काढाचे हायेत."