राणीच्या भावाचं काय झालं

"राणीनं भावाला माफ केलं! सांगत नव्हते?" जादूनगरीच्या कादंबरीमालेचा शेवटचा भाग नाचवत हेमलता फिलूच्या ओटीवर चढली. याच प्रश्नावर दोघी शेजारणी वर्षानुवर्षं कडाकडा भांडत आल्या होत्या.

"माफ? अगं, कापला त्याला!" फिलूनं आपली प्रत उघडली. खरंच कापला होता.

हेमलतानं ती हिसकावली. तिची बोटं लागताच पानावरची अक्षरं सरकली आणि मेलेला भाऊ उठून राणीच्या गळ्यात पडला.

"ज्याला जो हवा तो शेवट," फिलू हसली. "दोघी जिंकलो की!"

"डोंबल जिंकलो! लेखकानंही सुनेसारखं हो ला हो करायचं? उद्यापासून मी तुझ्याशी भांडू कशावरून?"

फिलू गप्प बसली. हेमलताला सगळ्यांत जास्त संताप त्या गप्प बसण्याचाच आला.