माग बंद असताना

"मालक, पोरगं अंगावर यायलंय बघा!" टेम्पोवाला गुंडू भिंतीला चिकटला.

मंथनच्या हातात लोखंडी पाना होता. त्याच पान्याने गुंडू आत्तापर्यंत मागाचे नट सोडवत होता. वडगावच्या त्या घरातला शेवटचा पॉवरलूम आज सदलग्याच्या गिऱ्हाइकाकडे निघाला होता.

सुबराव मुलाच्या आणि मागाच्या मध्ये उभे राहिले. त्यांचं डावं मनगट वाकडं होतं. दिवाळीआधी, वीज गेलेल्या एका दुपारी, मंथनने ते पिरगाळून मोडलं होतं. समोर कुणी नसताना त्याला शिव्या ऐकू येत होत्या. मग औषधं सुरू झाली. राग आवरायला शिकवणाऱ्या दवाखान्यातल्या मॅडमकडे दर आठवड्याला जाणं सुरू झालं. पोराच्या डोक्याला खडखडाट सोसत नाही, असं घरच्यांनी ठरवलं आणि माग बंद केला. सुबराव दुसऱ्याच्या मागावर जाऊ लागले. तरी मंथन ताटं भिरकावायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. माग नजरेसमोर आहे म्हणून, असं सुबरावांना वाटलं. त्यांनी गिऱ्हाईक शोधलं.

सत्यवतीने दाराची कडी धरली. पुन्हा हात उचलला तर पोराला लांबच्या इस्पितळात ठेवायचं, हे नवराबायकोचं ठरलं होतं. सगळ्यांनी बाहेर पडून कडी घालायची, एवढंच. पण ती उंबऱ्याशीच थांबली. ती लग्न होऊन आली तेव्हा अख्खी गल्ली मागांनी खडखडत असे. शेजारणीचं बोलणं ओठांवरूनच कळायचं. मंथनचा पाळणाही तिने मागाशेजारीच टांगला होता.

"आप्पा, सरका."

"हाण की! दुसरा हात ऱ्हायलाय अजून."

मंथनचा हात वर गेला. तिथेच थांबला. ओठ हलू लागले. मॅडमनी घोकून घेतलेलं तो पुटपुटत होता. आधी हातातलं खाली. मग मागे. मग काय पाहिजे ते बोलायचं.

पाना फरशीवर टेकला. मंथन भिंतीपर्यंत मागे सरला. घामाने त्याचा शर्ट भिजला होता.

"माग नेऊ नका. चालू करा."

सुबराव ओरडले. "तुझ्यासाठीच बंद केलाय न्हवं रं? आवाजाचा तरास हुतोय म्हणून!"

"मला कोण इचारलंय? माग चालू असला की ती माणसं ऐकू येत न्हाईत. बंद झाला की सगळी बोलायला लागतात."



सत्यवतीला पाळणा आठवला. सुबराव जेवायला उठायचे, माग थांबायचा आणि गाढ झोपलेलं पोर किंचाळून जागं व्हायचं.

तिने कडी सोडली. पाना उचलून गुंडूच्या हातात दिला.

"सोडलेले नट परत बसव," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. पोर पाळण्यात असताना स्वयंपाकघरातून म्हणायची, तसंच म्हणाली, "अहो, माग चालू करा. पोर उठलंय."