पितळी प्याला

कॅम्पातल्या आमच्या चॅपलच्या दीडशेव्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी पितळी प्याला मी चिंचेनं घासून चांदीच्या प्याल्याशेजारी ठेवला. मंडळीच्या सेक्रेटरींनी खाली चिठ्ठी लावली : ‘प्रभुभोजनाचे प्याले. एक सणाचा, एक एरवीचा.’

मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. “खोटं कशाला लिहिता? चांदीचा ब्राह्मण ख्रिस्त्यांचा. पितळी आमचा, महारांचा. माझी पणजी दाराशी बसून यातून प्यायची.”

“बाई, आता आपण सगळे एकच आहोत. जुनी घाण कशाला उकरता?”

“एकच ना? मग या रविवारी सगळे पितळीतूनच पिऊ.”

पाळकसाहेब हो म्हणाले.

गेली तीस वर्षं सेक्रेटरी चांदीच्या प्याल्यातून माझ्यामागोमाग, न पुसता, प्यायचे. त्या रविवारी त्यांनी माझ्या हातून पितळी प्याला घेतला, खिशातला रुमाल काढला आणि ती लख्ख कडा दोनदा पुसली.