पानाचा गुण

साईराजचा मुतखडा पडला आणि शेवंतीकाकूंनी केबिन रोडवरच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये पानफुटीचा डंका पिटला. डोंगरीहून रोप त्यांनीच आणलं होतं. रोज सकाळी लेकाच्या हातावर एक पान ठेवून "चावून खा" म्हणत त्या तांब्याभर पाणीही द्यायच्या. आज वाळत घातलेला टॉवेल खिडकीखालच्या छज्ज्यावर पडला. तो उचलायला त्या वाकल्या, तर तिथे पानफुटीची पानं पडलेली, अख्खीच्या अख्खी, कडांना कोंब फुटलेली. लेक पाणी तेवढं पीत होता. तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारची रुचिता. "काकू, ह्यांचा खडा मोठाय. डॉक्टर ऑपरेशन सांगतायत, पण आम्ही कॅन्सलच केलं. तुमच्या पानाचा गुण बघितलाय ना!" काकूंना क्षणभर वाटलं, द्यावं पान आणि गप्प बसावं. मग त्यांनी तिला हाताला धरून खिडकीशी नेलं. "बघ, ही माझ्या साईराजने खाल्लेली पानं."