उलटे रकाने

मे महिन्यातली सकाळ होती, पोटात गरम पोहे होते आणि तपासायची एकच फाइल उरली होती. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत संशोधकांचा डेटा सांभाळणारी मधुरिमा खुशीत होती. संशोधक अर्पितने नोंदवलेल्या इंदूरच्या एक्केचाळीस जुन्या विहिरींचा नकाशा आज सगळ्यांसाठी ऑनलाइन खुला व्हायचा होता.

तिने नकाशा उघडला आणि हसायलाच लागली. अर्पितने अक्षांश-रेखांशांचे रकाने उलटे भरले होते. सगळ्या विहिरी थेट उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात पडल्या होत्या.

तिने फोन लावला. "अर्पित भिया, विहिरी समुद्रात बुडवल्यास की रे!"

"अरे यार, सॉरी मॅडम! मी बडा गणपती मंदिराजवळच्या विहिरीत उतरलोय, शेवटचा फोटो बाकी आहे."

"राहू दे, मीच करते सीधं."

तिने रकान्यांची अदलाबदल केली. सगळे ठिपके इंदुरात परतले. समाधानाने तिने फाइल सेव्ह केली.

"मॅडम," फोनवर अर्पितचे दात वाजत होते, "आत्ता काय केलंत? पाणी एकदम वर आलंय. खारट आहे. आणि त्यात बर्फ तरंगतोय."

मधुरिमाचा हात झटकन माउसवर गेला. "थांब, पहिल्यासारखं करते."

"नको मॅडम! विहीर परत समुद्रात जाईल, आणि मी अजून तिच्या पायरीवरच उभा आहे."