नाव घेऊन

१९६४च्या दसऱ्यानंतर सांगलीचे शरच्चंद्र आणि विनोदिनी महाबळेश्वरच्या डोंगरात भटकायला गेले. निघतानाच त्यानं बायकोला बजावलं, "धुक्यात चुकामूक झाली तर जागची हलू नकोस. नाव घेऊन हाक मार. नुसतं 'अहो' केलंस तर डोंगरावरचे सगळे नवरे धावत येतील!"

"इश्श! नाव कोण घेणार?"

कड्यापाशी खरंच धुकं दाटलं आणि तो दिसेनासा झाला. पाऊल टाकावं तर दरी कुठं ते कळेना. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण उखाण्याबाहेर तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं. चारदा "अहो" करून झालं. शेवटी रडकुंडीला येऊन ती ओरडली, "शरच्चंद्र!"

दोन पावलांवरून उत्तर आलं,



"पहिल्या 'अहो'लाच आलो होतो गं. पण नावासाठी अकरा वर्षं थांबलो, तिथं आणखी दोन मिनिटं काय!"