राणीहाराखालचे फोड

दिराच्या हळदीच्या दिवशी भर दुपारी भाविका आरशासमोर उभी राहिली. काल संध्याकाळी सासूने गळ्यात घातलेल्या राणीहाराखाली कातडी लालबुंद झाली होती, वर बारीक बारीक फोड उठले होते.

हे फोड तिच्या चांगले ओळखीचे. लहानपणी जत्रेतली कानातली घातली की कान सुजायचे, जीन्सच्या बटणाने बेंबीखाली चट्टा पडायचा. हे निकेलमुळे होतं, असं पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. खोट्या दागिन्यांत ते असतं, पोरीला घालू नका. तेव्हापासून ऐरोलीच्या घरात तिच्या बापाने खोटा मणी येऊ दिला नाही. लग्नात तर प्लॉट विकून लेकीला सोन्याने मढवली. तेव्हा हाच हार दोन दिवस गळ्यात होता, खाज नाही की काही नाही. मग जासईला आल्यावर सासूने, रंगूबाईने, सगळे दागिने आपल्या कपाटात ठेवले. हातातल्या दोन पाटल्या तेवढ्या भाविकाने उतरवल्या नव्हत्या. त्यांच्याखालचं मनगट आजही स्वच्छ होतं.

म्हणजे हार बदललाय. घडण तीच, पदक तसंच, पण सोनं गेलं. कुठे गेलं, देव जाणे! भाविकाने नवऱ्याला, धनेशला, आत बोलावून मान दाखवली, हा हार आपला नाही असं चाचरत सांगितलं. त्याने मानेकडे पाहिलंच नाही. मांडवात पाहुणे आहेत, आता टेन्शन नको, आईला पाठवतो म्हणाला आणि सटकला. त्याला जराही नवल वाटलं नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली.

रंगूबाई आली ती हसतमुख. तिने हार अलगद काढला, फोडांवर खोबरेल लावलं, अगदी मायेने. उष्णता झाली, होतं असं कुणाकुणाला, म्हणाली. मग तिने भाविकाचं मनगट हातात घेतलं.

"हातालापन उठंल. पाटल्या उतरव."

"यांच्याने मला काही होत नाही, आई. या खऱ्या आहेत."

बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. रंगूबाईचं हसू तसंच राहिलं, मनगटावरची पकड तेवढी घट्ट झाली. बाहेर धवलारणीने हळदीचं गाणं उचललं, बायका मागे गाऊ लागल्या. आतून कुणी हाक मारली असती तरी ऐकू गेली नसती. भाविकाने मूठ गच्च आवळली.

"आमच्या घरान सुनांना सोनं सोसतच नाय," रंगूबाई शांतपणे म्हणाली. "सगुनालापन नाय सोसलं."

थोरली जाऊ सगुणा दारात उभी होती. दोन्ही हातांत नुसता काचेचा हिरवा चुडा, आणि साबणाच्या पाण्याचं पातेलं. तिने मान वर केली नाही. आत येऊन टाचेने दार लोटलं आणि पातेलं भाविकाच्या आवळलेल्या मुठीखाली ठेवलं.